पर्जन्यमापकाशेजारी वड

लग्न होऊन मी नवीन पनवेलला आले, तेव्हा शेजारणींना माझी नोकरी समजावून सांगता सांगता माझ्या नाकी नऊ आले. शेजारची बाई बँकेत होती, वरच्या मजल्यावरची शाळेत, समोरची टेलिफोनमध्ये. या नोकऱ्या कुणालाही कळतात. मी काय करत होते? गावाबाहेरच्या एका लहानशा सरकारी शेती संशोधन केंद्रात रोज सकाळी साडेआठला पाऊस मोजायचा, वारा कुठून येतो ते बघायचं आणि पांढऱ्या पेटीतले तापमापक वाचायचे. ‘एवढंच?’ असं तोंडावर कुणी म्हणत नसे, पण चेहऱ्यावर दिसायचं. मग हळूहळू त्यांनी माझा एक उपयोग शोधून काढला. उद्या पापड घालू का, गाद्या उन्हात टाकू का, मुलाला रेनकोट देऊ का, असे प्रश्न जिन्यात यायला लागले. आम्ही होऊन गेलेलं हवामान मोजतो, येणारं सांगत नाही, हे मी पहिल्या वर्षी सांगून पाहिलं. दुसऱ्या वर्षापासून ‘घाला पापड’ असं सरळ सांगून मोकळी व्हायला लागले. रेडिओपेक्षा माझं काही फार चुकत नसे.

सासूबाईंचं मत तर ठरलेलंच होतं. पाऊस पडला की नाही हे खिडकीतून दिसतं, त्यासाठी सरकार एका पदवीधर बाईला पगार देतं म्हणजे सरकारकडे पैसा जास्त झालाय. हे त्या रागानं म्हणत नसत. उलट, सून सकाळी जाऊन दुपारी वेळेत घरी येते, याबद्दल त्या नोकरीवर खूशच होत्या. फक्त तिला काम म्हणायला त्यांची जीभ रेटत नसे.

केंद्र होतं जुन्या गावाच्या आणि आमच्या वसाहतीच्या मध्ये, खाडीच्या बाजूला. खाऱ्या जमिनीत भात कसं येईल यावर तिथं काम चाले. भरतीचं पाणी शेतात शिरू नये म्हणून घातलेले मातीचे बांध, त्यातून पावसाचं पाणी बाहेर सोडणारी उघाडी, रोपं, वाफे, असा सगळा मामला. त्याच्या एका कोपऱ्यात तारेचं कुंपण घातलेला हिरवळीचा चौकोन होता. चौकोनात पायांवर उभी असलेली, तिरप्या पट्ट्यांच्या झापांची पांढरी पेटी, वाऱ्याची दिशा दाखवणारा बाण आणि चौथऱ्यावर बसवलेलं पर्जन्यमापक. बाकी काही नाही. हे ‘बाकी काही नाही’ हेच आमचं मुख्य काम होतं, असं आमचे साहेब म्हणायचे.

साहेब किडकिडीत होते, मृदू बोलायचे आणि या चौकोनाच्या बाबतीत भयंकर संशयी होते. कुणी कुंपणाला सायकल टेकवली तरी ते खिडकीतून उठून यायचे. पर्जन्यमापकाच्या जवळपास उंच काही असलं, तर वाऱ्यानं तिरपा येणारा पाऊस अडतो आणि मोजमाप खोटं होतं. म्हणून जी वस्तू जितकी उंच, तिच्या दुप्पट तरी ती लांब हवी, हा नियम त्यांनी मला पहिल्याच दिवशी ऐकवला. दुसऱ्या दिवशीही ऐकवला. त्या जागी माझ्या आजोबांच्या जन्माआधीपासून पाऊस मोजला जात होता, त्याच जागी, त्याच वेळेला, एकही पावसाळा न चुकता. मोजणारी माणसं आली, म्हातारी झाली, गेली. जागा तीच राहिली. ‘आपण आजच्यासाठी मोजत नाही,’ साहेब म्हणायचे, ‘शंभर वर्षांनी कुणीतरी विचारेल की इथलं हवामान बदललं का. त्याला उत्तर देता यावं म्हणून मोजतो.’ पृथ्वी तापायला लागली आहे, असं तेव्हा नुकतंच मासिकांतून वाचायला मिळायला लागलं होतं. साहेब ते लेख पुन्हा पुन्हा वाचत आणि मग उठून कुंपणाकडे बघून येत.

मला सुरुवातीला हे जरा अतीच वाटे. मग एक दिवस नवीन वसाहतीचे इंजिनियर आमच्याकडे जुन्या पावसाचे आकडे मागायला आले. पुढच्या सेक्टरांतली गटारं किती रुंद ठेवायची, ते त्यावरून ठरणार होतं. आमच्या इमारतीसमोरचं गटारही असंच ठरलं होतं, हे मला तेव्हा समजलं. पनवेलच्या पावसात आमच्या तळमजल्यात पाणी शिरत नव्हतं, याचं श्रेय सासूबाई कुलदैवताला देत असत. मी त्यात ढवळाढवळ केली नाही.

या चौकोनावर नजर पडली ती भाऊंची. भाऊ म्हणजे आमच्या भागातले पुढारी. त्यांना सगळे भाऊच म्हणत, त्यांची बायकोसुद्धा. माणूस हसरा, अघळपघळ, कुणाच्याही बारशाला हजर. पर्यावरण दिनाला एक मंत्री येणार होते आणि भाऊंना त्यांच्या हातून झाड लावून घ्यायचं होतं. जागा बघत बघत ते आमच्याकडे आले आणि त्या कातरलेल्या हिरवळीच्या प्रेमातच पडले. रस्त्याला लागून, स्वच्छ, हिरवीगार आणि आयतं कुंपण घातलेली. गुरं खाणार नाहीत, फोटो छान येईल. साहेबांनी त्यांना दुपटीचा नियम सांगितला. भाऊंनी तो मान डोलवत ऐकून घेतला आणि म्हणाले, “साहेब, टेन्शन घेऊ नका हो. हवामान सुधारायला झाडं लावा असं तुमचेच लोक सांगतात ना? मग आम्ही तेच तर करतोय.”

साहेबांनी केंद्राच्या फाटकापासून खाडीपर्यंत दहा जागा दाखवल्या. भाऊंना त्या पसंत पडल्या नाहीत. साहेबांनी वरच्या कार्यालयाला लेखी हरकत कळवली. उत्तर फोनवर आलं, आणि ते असं होतं की एका झाडासाठी मंत्र्यांना नाराज करायची गरज नाही. भाऊंचा एक मदतनीस होता, त्यानं जाता जाता साहेबांना मायेनं सांगितलं की रिटायरमेंट जवळ आलीय, उरलेली वर्षं शांतपणे काढावीत. साहेब त्या दिवशी डबा न उघडताच घरी गेले.

झाड तरी कुठलं आणावं? बारकंसं काही आणलं असतं तर आम्ही गप्प बसलो असतो. भाऊंनी आणला वड, माणसाच्या डोक्याइतका उंच वाढवलेला. पर्जन्यमापकापासून चार पावलांवर खड्डा झाला, कारण फोटोग्राफरला मागे ती पांढरी पेटी हवी होती. ती त्याला फार सुबक वाटली. मंत्री आले, माती लोटली, झारी धरली आणि भाषणात म्हणाले की मोकळ्या पडलेल्या जमिनीचं सोनं झालं. साहेब मागच्या रांगेत उभे राहून टाळ्या वाजवत होते. त्यांचे हात एकमेकांना लागत नव्हते, हे मी बघितलं.

वडाला आमची माती मानवली. पहिल्या पावसाळ्यात त्यानं अंग धरलं, दुसऱ्यात फांद्या पसरल्या. मी रोज सकाळी मापनपात्र घेऊन जायची आणि त्याच्याकडे रागानं बघायची. झाडावर राग धरणारी बाई मी तोवर पाहिली नव्हती, ती मीच निघाले. वारा त्या बाजूनं असला की मोजलेला पाऊस कमी भरतोय असा आम्हाला संशय यायचा. पण किती कमी, ते कसं कळणार? कळण्याचं साधनच तर बिघडलं होतं. फांदी छाटावी म्हटलं, तर मंत्र्यांच्या नावाची संगमरवरी पाटी बुंध्याशी. आणि वडावर कुऱ्हाड चालवणारा माणूस आमच्या केंद्रावर कामाला होता कुठे? साहेबांनी एकदा माळ्याला नुसतं विचारून पाहिलं, तर तो आठवडाभर कामावर आला नाही.

त्यातच वरून एक परिपत्रक आलं. सरकारचे हात तेव्हा आखडले होते आणि निरुपयोगी खर्च शोधणं चालू होतं. ज्या ठिकाणी भोवतालची जागा मोजमापाला योग्य राहिलेली नाही, तिथलं हवामानाचं काम बंद करायचं. आमच्याकडे तपासणी हिवाळ्यात होती. भाऊंच्या मदतनिसाला हे आमच्याआधी कळलेलं होतं. बंद झालं तर वाईट वाटून घेऊ नका, तिथं समाजासाठी मस्त हॉल होईल, असं तो म्हणाला. म्हणजे झाड त्यांनीच लावायचं, झाडामुळे जागा बिघडली हे सरकारनं ठरवायचं आणि हॉलसुद्धा त्यांनीच बांधायचा. भाऊंनी हे सगळं आधीच योजलं होतं असं मला अजूनही वाटत नाही. इतक्या लांबचा विचार ते करत नसत. पण होत होतं ते असंच होतं, आणि त्याच हिवाळ्यानंतर साहेब निवृत्त व्हायचे होते. इतक्या वर्षांच्या मोजमापांची अखंड साखळी पुढच्या माणसाच्या हाती द्यायची, एवढीच त्यांची इच्छा होती. ती आपल्या हातून तुटणार म्हणून ते आतून खचले होते. मीही खचले होते, फक्त माझं ते चिडचिड होऊन बाहेर पडायचं.

तोपर्यंत वडाची कीर्ती आमच्या वसाहतीत पोचली होती. नवीन पनवेलच्या सेक्टरांमध्ये सगळं काही आखून बांधलेलं होतं, पण वड नव्हता. वटपौर्णिमेला बायका बाजारातून फांदी विकत आणून कुंडीत खोचून पुजायच्या, आणि सासूबाईंना ते अजिबात पटायचं नाही. तोडलेल्या फांदीला फेरे घालून कसलं पुण्य मिळतं, असं त्यांचं म्हणणं. आता सूनबाईच्या ऑफिसात साक्षात मंत्र्यांनी लावलेला जिवंत वड आहे म्हटल्यावर विचारायलाच नको. मी परवानगी मिळणार नाही म्हणाले. त्यांनी भाऊंच्या बायकोला विचारलं आणि मिळवली.

त्या वर्षी ज्येष्ठातला पाऊस लांबला होता. वटपौर्णिमेला ऊन नुसतं भाजून काढत होतं. आमच्या दोन्ही जिन्यांतल्या बायका टांगे करून, कुणी चालत, केंद्राच्या फाटकात येऊन उभ्या राहिल्या. त्यांच्यात नाकात नथ, अंगावर लग्नातला शालू, हातात फणसाचे गरे आणि आंबे घेतलेली मीही होते. ज्या झाडाला मी रोज शिव्या देते, त्याला दोऱ्याचे सात फेरे घालून त्याच्याकडे नवरा मागायचा होता. साहेब खिडकीत उभे होते. आमची नजरानजर झाली आणि ते चटकन आत वळले. मला वाटतं ते हसत होते.

आतली धांदल काय सांगावी. चौकोनात एका वेळी दोन माणसंही जाऊ नयेत असा दंडक, आणि तिथं पंचवीस-तीस शालू शिरलेले. वाऱ्याच्या बाणाच्या खांबाला एकीनं पर्स लटकवली, ती मी सोडवली. पांढऱ्या पेटीला कुणीतरी देव्हारा समजून हळदकुंकू वाहिलं आणि समोर आंबा ठेवला. केंद्रावर रोजानं येणारी, जवळच्या गावातली एक मावशी कुंपणापाशी उभी होती. ती मला म्हणाली, “बाय, आमी किती सांगितला, या बाया आयकत नाय. तुमीच सांगा.” मी कुणाला सांगणार? माझाच दोरा संपायचा होता.

दुसऱ्या दिवशी उपास सोडायला पुरणपोळ्या होत्या, म्हणून सकाळचं मोजमाप माझ्या सहकाऱ्यावर सोपवून मी घरी राहिले. हा सहकारी सज्जन होता. समोर येईल ते मोजावं आणि कळवावं, का आणि कसं यात पडू नये, असा त्याचा स्वभाव. त्यानं पर्जन्यमापक उघडलं, आत पाणी होतं, ते मोजलं, तालुक्याला कळवलं. तालुक्यानं जिल्ह्याला कळवलं. त्याच्या पुढच्या दिवशी सासरे नाश्त्याच्या वेळी पेपर वाचत होते. जिल्ह्यात सगळीकडे कोरडं, फक्त पनवेलला समाधानकारक पाऊस, अशी बातमी त्यांनी मोठ्यानं वाचली.

सासूबाई कपाळावर आठ्या घालून म्हणाल्या की कुठे, माझ्या कुरडया दोन दिवस गच्चीवर वाळताहेत. मी हातातला कप खाली ठेवला. मी तशीच केंद्रावर गेले आणि सहकाऱ्याला विचारलं, पाणी कसं होतं? जरा तांबूस होतं, धूळ असेल, असं तो म्हणाला. पर्जन्यमापकाच्या नरसाळ्याच्या काठावर अक्षता चिकटलेल्या होत्या.

संध्याकाळी मी घरी चौकशी सुरू केली. फार लांब जावं लागलं नाही. सासूबाई नारळ खवत बसल्या होत्या, त्यांनी मान वर न करता सांगितलं. पूजा झाल्यावर तांब्यात पाणी उरलं होतं. ते बुंध्याशी घालावं, तर तिथं बायकांच्या पायांची ही गर्दी. पूजेचं पाणी पायदळी जाऊ देत नाहीत. इकडेतिकडे बघितलं, तर चौथऱ्यावर एक स्वच्छ भांडं दिसलं, वर नरसाळं असलेलं. सरकारनं बायकांची चांगली सोय केलीय असं त्यांना वाटलं, म्हणून त्यात ओतलं. आणि त्यांचं बघून आणखी दोघींनी ओतलं.

मी कपाळावर हात मारून घेतला. पण चिडायला गेले आणि हसायलाच आलं. मग मी त्यांच्यासमोर पाटावर बसून सांगितलं की त्या भांड्याचं तोंड जेवायच्या ताटाएवढंही नाही, पण त्यात जे पडेल तेच सगळ्या पनवेल तालुक्यावर पडलं असं धरतात. शेतांवर, डोंगरांवर, खाडीवर, आपल्या गच्चीवर. दुसरा काही इलाजच नाही, सगळ्या तालुक्याला भांडं कसं लावणार?

खवणीवरचा हात थांबला. “म्हणजे माझ्या तांब्यातला पाऊस सगळ्या तालुक्यावर पडला?”

“पेपरात आला,” मी म्हणाले.

त्यांच्या चेहऱ्यावर आधी भीती आली आणि मग, खोटं कशाला बोलू, थोडासा अभिमानही. मग त्या पुन्हा नारळ खवायला लागल्या. अर्धी वाटी खवून झाल्यावर त्यांनी विचारलं, “आणि त्या भांड्यावर तो वड आडवा येतो, त्याचं काय? मी घातलं तेवढं वाढलं. मग तो अडवतो तेवढं कमी होत असेल.”

मी दोन वर्षं घरात हेच सांगत होते, पण बहुधा माझ्या सांगण्यात ताट आणि तांब्या नव्हता. “तो रोज कमी करतोय,” मी म्हणाले. आणि मग परिपत्रक, तपासणी, हॉल, साहेबांची साखळी, सगळं एका दमात सांगून टाकलं. सासूबाईंनी खवलेला नारळ गोळा केला, ताटली झाकून ठेवली आणि एवढंच म्हणाल्या की वड तोडायचं नाव कुणी काढायचं नाही. मग म्हणाल्या, पण हलवायला काय हरकत आहे?

पुढचं मी फक्त ऐकलं आणि पाहिलं. सासूबाई चार बायकांना घेऊन भाऊंकडे गेल्या. मी बरोबर येऊ का, असं विचारलं, तर म्हणाल्या, तू आलीस की तुझं ते दुपटीचं सुरू करशील. भाऊंपुढे त्यांनी विज्ञानाचा शब्दही काढला नाही. वटपौर्णिमेला सरकारी ऑफिसात जायला बायकांना अवघडल्यासारखं होतं, बाहेरच्यांसाठी फाटक दहा वाजता उघडतं, आत चपला काढायला जागा नाही, सावलीत टेकायला पार नाही. भाऊंनी एवढा चांगला वड लावला, पण लावला कुठे, तर कुंपणात, बायकांपासून लांब. आमच्या सेक्टरच्या नाक्यावर मोकळी जागा आहे, तिथं पार बांधून वड आणून द्या, म्हणजे जन्मभर भाऊंचं नाव घेऊ. निवडणूक तोंडावर होती. हॉल पाच वर्षांनीही झाला असता, बायकांची मतं मात्र लवकरच पडायची होती. भाऊंनी चहा मागवला.

वड हलवायला हिवाळ्याची वाट बघायची नसते. श्रावणात, सर येत-जात असताना, भाऊंची माणसं फावडी घेऊन आली. मुळांभोवती मातीचा भलामोठा गड्डा ठेवून, वर गोणपाट गुंडाळून, दहाजणांनी दोरखंड लावून तो वड टेम्पोत चढवला. मागून संगमरवरी पाटी पोत्यात घालून गेली. नाक्यावर पार तयार होता. भाऊंनी तिथं दुसरं भाषण केलं आणि आपण विज्ञान आणि परंपरा दोन्ही सांभाळतो असं सांगितलं. त्यात विज्ञान कुठून आलं, असं सासूबाईंनी मला हळूच विचारलं. मी म्हटलं, टाळ्या वाजवा. वड तिथं लागला, रुजला, आणि पुढे आमच्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्याच्या वर गेला.

साहेब मात्र नाक्यावर आले नव्हते. मी केंद्रावर परतले, तेव्हा ते कुंपणाच्या आत, बुजवलेल्या खड्ड्याशेजारी एकटेच उभे होते. बारीक पाऊस पडत होता आणि त्यांची छत्री मिटलेली होती. पर्जन्यमापकाजवळ ते छत्री उघडत नसत. वर बोट दाखवून ते म्हणाले, ‘बघा, सगळं दिसायला लागलं.’ मला तिथं ढगांशिवाय काही दिसलं नाही, पण आनंद मात्र इतका झाला की मी त्यांच्याशेजारी तशीच भिजत उभी राहिले.

हिवाळ्यात तपासनीस आले. त्यांनी टेपनं अंतरं मोजली, पेटीची झापं तपासली, आणि जागा उत्तम आहे, केंद्राचं काम चालू राहील, असा निर्वाळा दिला. मी पेढे आणायला पाठवायच्या बेतात होते. एवढ्यात साहेबांनी त्यांना हिरवळीतली त्या बुजवलेल्या खड्ड्याची जागा दाखवली. गवत तिथं एकसारखं झालं होतं, सांगितल्याशिवाय कुणाला ओळखता आलं नसतं. साहेबांनी सांगितलं. इथं वड होता, तीन पावसाळे होता, त्या तीन पावसाळ्यांच्या आकड्यांपुढे ‘संशयास्पद’ असा शेरा मारायला हवा.

तपासनीस चांगला माणूस होता. त्यानं आवाज खाली आणला. “झाड आता नाही ना? मग विषय संपला. एवढी अखंड साखळी आहे तुमची. शेवटच्या वर्षी कशाला आपल्या हातानं तोडताय?”

“मी हे लिहिलं नाही,” साहेब म्हणाले, “तर पुढे कुणीतरी म्हणेल, त्या वर्षांत पनवेलचा पाऊस घटला. खरंच घटला होता, की झाडानं अडवला होता, हे त्याला कधीच कळणार नाही. आणि तो माझ्यावर विश्वास ठेवून चालेल.”

मग त्यांनी स्वतःच्या पेनानं तो शेरा लिहिला. सावकाश, सुवाच्य अक्षरात. तीन ठिकाणी. टोपण बसवायला मात्र त्यांना दोनदा प्रयत्न करावा लागला. मी पेढ्यांचा बेत सोडला. चहा मागवला, तपासनिसांना स्टँडवर जायला टांगा बोलावला, पेटीचं दार लावलं आणि घरी आले.

सासूबाई पोळ्या करत होत्या. त्यांनी पाठमोऱ्याच विचारलं की झाली का पास तुमची हिरवळ. मी म्हणाले, झाली, काम चालू राहणार. पण वड होता ती तीन वर्षं साहेबांनी बाद केली.

“बाद म्हणजे?”

“त्या वर्षांचा मोजलेला पाऊस आता धरायचा नाही.”

“असं कसं? पडला होता तो. मीच तर धावत जाऊन गच्चीवरचे कपडे काढत होते.”

“पडला होता. पण किती पडला, ते आता कुणालाच कळणार नाही. कधीच.”

त्या वळल्या. हातातलं लाटणं तसंच होतं आणि तव्यावरची पोळी टम्म फुगली होती. तिच्याकडे त्यांचं लक्ष नव्हतं, आणि त्यांच्या हातची पोळी करपलेली मी तोवर पाहिली नव्हती.

“म्हणजे तीन वर्षं तो फुकटच पडला की गं,” त्या म्हणाल्या.

दिवसभर आवरून धरलेलं माझं रडू तिथं, स्वयंपाकघराच्या दारात फुटलं. सासूबाईंनी गॅस बंद केला. जेवायला बसलो तेव्हा ती करपलेली पोळी त्यांनी स्वतःच्या ताटात घेतली, आणि उद्या सकाळी किती वाजता निघायचंय, असं विचारलं. मी नेहमीची वेळ सांगितली. त्यांनी मान डोलावली आणि म्हणाल्या, “डबा आधी करून ठेवते. तुझं काम चुकायला नको.”